शेळीचे तुकडे होत नाहीत: समच्छेदाची कोडी कशी रचावीत

हिंगण्याकडच्या एका शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: अपूर्णांक आणि समच्छेद (म्हणजे अपूर्णांकांचे छेद सारखे करणं) यांवर मुलांसाठी स्वतः कोडी रचायची आहेत, पण उत्तरं वेडीवाकडी येतात. समच्छेद करा म्हटलं की मुलं छेदांचा सरळ गुणाकार करून मोकळी होतात. आणि इतकं करून कोडं शेवटी पुस्तकातल्या उदाहरणासारखंच वाटतं. नमुना म्हणून त्यांनी स्वतःचं एक कोडं दिलं आहे:

"एका शेतकऱ्याकडे काही शेळ्या होत्या. त्याने एक तृतीयांश शेळ्या विकल्या, एक चतुर्थांश भावाला दिल्या. त्याच्याकडे १२ शेळ्या उरल्या. सुरुवातीला किती होत्या?"

ताई, कोड्याची बांधणी चांगली आहे. बदलायचा आहे तो फक्त शेवटचा आकडा. १/३ आणि १/४ यांची बेरीज ७/१२, म्हणजे शेतकऱ्याकडे कळपाचे ५/१२ उरले. हे ५/१२ म्हणजे १२ शेळ्या असतील तर कळपाचा बारावा हिस्सा २ पूर्णांक २/५ शेळ्यांचा आणि अख्खा कळप २८ पूर्णांक ४/५ शेळ्यांचा होतो. उरलेल्या शेळ्या पाचाच्या पटीत ठेवा, म्हणजे कोडं जागेवर येईल. ५ उरल्या तर कळप १२ चा, १० उरल्या तर २४ चा, १५ उरल्या तर ३६ चा.

अडचण येते ती आपण कोडं ज्या क्रमाने वाचतो त्याच क्रमाने रचायला बसतो म्हणून. आधी गोष्ट सुचते, मग अपूर्णांक घातले जातात आणि शेवटी मनात येईल तो आकडा. रचणाऱ्याने उलटं चालावं. आधी छेद ठरवा, त्यांचा लसावि काढा (सगळ्या छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या), तेवढा कळप कागदावर मांडा, वाटणी करून पाहा आणि किती उरले ते मोजा. गोष्ट सगळ्यांत शेवटी लिहा. अर्ध्या, तिसऱ्या आणि आठव्या हिश्शाचं कोडं करायचं असेल तर लसावि २४. चोविसाचे अर्धे १२, तिसरा हिस्सा ८, आठवा हिस्सा ३. गेले २३, उरला १. सांगाडा तयार झाला. उरलेला १ चा ५ केला की मूळ संख्या १२० होते आणि तेच कोडं मोठ्या मुलांना देता येतं.

तुम्ही शेळ्या निवडल्या ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. या विषयाचं मर्म माझ्या मते तिथेच आहे. पोळी, भाकरी, बर्फी यांचे हवे तसे तुकडे होतात. अर्धी पोळी आणि तिसरा हिस्सा पोळी शेजारी ठेवली तर मुलाला दोन तुकडे दिसतात, त्यांचा एकच छेद करण्याची काही निकड त्याला वाटत नाही. शेळी, पुस्तक, कंचा, वर्गातलं मूल यांचे तुकडे करता येत नाहीत. तिसरा हिस्सा विकायचा तर कळप ३ ने भागला गेलाच पाहिजे. चौथा हिस्सा भावाला द्यायचा तर ४ नेही. दोन्ही जमायचं तर १२, २४, ३६ यांच्यापैकीच काहीतरी हवं. हा १२ मुलाला शोधावा लागतो, कारण त्याशिवाय वाटणीच होत नाही. फळ्यावर "समच्छेद करून बेरीज करा" असं लिहिलं की तो नियम असतो. कळप वाटायचा झाला की ती गरज होते.

हे हाताने दाखवायला आपल्या नागपुरी संत्र्यासारखं साधन नाही. साल सैल असते, फोडी न फाटता सुट्या होतात, आणि एका संत्र्यात बहुतेक दहा किंवा अकरा फोडी निघतात. हंगामात दोन-तीन संत्री वर्गात सोलायला द्या आणि फोडी मोजायला लावा. दहा फोडींच्या संत्र्याचं अर्धं सहज देता येतं, पाचवा हिस्साही देता येतो. अकरा फोडींचं संत्रं हाती आलं की काहीच जमत नाही, ना अर्धं, ना तिसरा हिस्सा, ना पाव. मुलं फोड मधोमध फाडू पाहतात, रस ओघळतो, आणि ११ ला १ आणि ११ शिवाय कोणीच का भागत नाही यावर आपोआप बोलणं सुरू होतं. लगेच पुढचं कोडं विचारा: "मी दहा फोडींच्या संत्र्यातल्या ३ खाल्ल्या, तू अकरा फोडींच्या संत्र्यातल्या ३ खाल्ल्यास. दोन्ही संत्री सारख्याच आकाराची. जास्त संत्रं कोणी खाल्लं?" ३/१० मोठा की ३/११, हे पाठ करावं लागत नाही. अकरा फोडींच्या संत्र्याची फोड बारीक असते, ती समोरच दिसते.

आता एक बारकावा सांगतो. यात अनुभवी शिक्षकांचीही कोडी फसतात. बेरीज केल्यावर आपण सवयीने अतिसंक्षिप्त रूप करतो. १/३ आणि १/६ घेतले तर बेरीज ३/६, म्हणजे १/२. उरले १/२. आता वाटतं की उरलेला आकडा कोणताही चालेल. ५ मुलं उरली म्हणा, एकूण १० झाली. पण १० मुलांचा तिसरा हिस्सा कसा काढणार? म्हणून संक्षेप करून पाहू नका. उरलेले ३/६ असेच ठेवा आणि उरलेला आकडा ३ च्या पटीत घ्या. एकूण संख्या नेहमी मूळ छेदांच्या लसाविची पट असली पाहिजे. बेरजेला संक्षेप दिल्यावर जो छेद राहतो, त्याच्यावर विसंबू नका.

तुमच्या शेळ्यांच्या कोड्यात आणखी एक मोठी गंमत दडली आहे. "एक चतुर्थांश भावाला दिल्या" याऐवजी "उरलेल्यांपैकी एक चतुर्थांश भावाला दिल्या" असं लिहा आणि शेवटी १५ शेळ्या उरल्या म्हणा. पहिल्या कोड्यात कळप ३६ चा: १२ विकल्या, ९ भावाला, १५ उरल्या. दुसऱ्यात कळप ३० चा: १० विकल्या, २० उरल्या, त्यांतल्या ५ भावाला, १५ उरल्या. दोन्ही उत्तरं पूर्ण, दोन्ही बरोबर, फरक एका शब्दाचा. पहिलं कोडं बेरजेचं आणि समच्छेदाचं. दुसऱ्यात २/३ गुणिले ३/४ असा गुणाकार आहे. पहिल्यासाठी उरलेला आकडा ५ च्या पटीत हवा, दुसऱ्यासाठी ३ च्या. दोघांनाही चालणारा सर्वांत लहान आकडा १५. म्हणजे कोडं रचतानासुद्धा लसावि लागलाच! ही जोडी वर्गात एका फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. अर्धा तास त्यावरच जाऊ द्या, वाया जाणार नाही. शिष्यवृत्तीची तयारी करणारी मुलं "उरलेल्यांपैकी" हा शब्द वाचतच नाहीत आणि गुण घालवतात. त्या सवयीवर मला याहून चांगला उपाय माहीत नाही.

मुलं छेदांचा थेट गुणाकार करतात, त्याबद्दल. गुणाकार चूक नाही, त्यानेही उत्तर येतं, आणि नेमकं म्हणूनच सवय सुटत नाही. समजा कोड्यात १/४, १/६ आणि १/१० आहेत आणि २९ पुस्तकं उरली असं तुम्ही सांगितलं. लसावि ६० घेणाऱ्याला उरलेले २९/६० दिसतात, २४० घेणाऱ्याला ११६/२४०. दोघंही ६० वर पोचतात, फक्त दुसऱ्याचा घाम जास्त निघतो. लसाविची निकड निर्माण करायची असेल तर उरलेला आकडा सांगूच नका, वरची मर्यादा सांगा:

"वर्गाच्या कपाटात शंभरापेक्षा कमी पुस्तकं आहेत. एक चतुर्थांश गोष्टींची, एक षष्ठांश विज्ञानाची, एक दशांश कवितांची. कपाटात पुस्तकं किती?"

गुणाकार करणारा २४० वर येतो आणि अडतो, कारण पुस्तकं शंभराच्या आत आहेत. मग तो मागे फिरतो, ४ आणि ६ मध्ये २ दोनदा मोजला गेला हे त्याला स्वतःला सापडतं, १० मध्ये तो पुन्हा आला हेही सापडतं. ६० शिवाय दुसरं उत्तर नाही. १५ गोष्टींची, १० विज्ञानाची, ६ कवितांची. "कोणत्याही दोन छेदांचा मसावि (दोघांनाही भागणारी सर्वांत मोठी संख्या) १ असेल तरच गुणाकार म्हणजे लसावि" हे वाक्य मी आधी सांगत नाही. मुलं अशा दोन-तीन कोड्यांनंतर त्यांच्या शब्दांत तेच सांगतात.

हा सगळा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त भुंग्यांचं एक कोडं आहे. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन्ही हिश्शांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी आणि मालती यांच्या सुगंधात अडकून हवेत घिरट्या घालत राहिला. एकूण भुंगे किती? रचणाऱ्याच्या नजरेने हे पाहा. छेद ५ आणि ३, लसावि १५. हिस्से ३/१५ आणि ५/१५, फरक २/१५, त्याची तिप्पट ६/१५. एकूण १४/१५, आणि उरला एकच भुंगा. म्हणजे उत्तर लसाविएवढंच, १५. कुड्यावरचा हिस्सा थेट २/५ असा सांगता आला असता. तो फरकाच्या तिपटीत लपवला, म्हणून सोडवणाऱ्याला समच्छेद आधीच करावा लागतो, त्याशिवाय फरक निघत नाही. याच ग्रंथात कमळांचंही कोडं आहे: तिसरा, पाचवा, सहावा आणि चौथा हिस्सा चार देवतांना वाहिला आणि ६ कमळं गुरूंच्या पायाशी ठेवली. लसावि ६०, गेले ५७/६०, उरले ३/६०. ते ६ कमळांएवढे, म्हणून एकूण १२०. आपण आज जी कृती करतोय, छेद आधी आणि गोष्ट नंतर, तीच या दोन्ही कोड्यांच्या पोटात दिसते. सहावीच्या मुलांना ही दोन्ही कोडी जशीच्या तशी द्या, झाडांची नावं बदलू नका. कदंब आणि कुडा कसे दिसतात हे त्यांनी घरी विचारून यावं.

आता तान्ह्या पोळ्याचं कोडं. १७ उंटांच्या वाटणीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मी ती आपल्या मुलांना लाकडी नंद्यांवर सांगतो, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सजवलेला नंदी घेऊन घरोघर जाणं नागपूरच्या पोरांना शिकवावं लागत नाही.

"आजोबांनी ११ लाकडी नंदी ठेवले आणि चिठ्ठी लिहिली: अर्धे मोठ्या नातीला, पाव मधल्या नातवाला, सहावा हिस्सा धाकटीला. एकही नंदी तोडायचा नाही. तिघं भांडत बसली. शेजारच्या काकू आपला नंदी घेऊन आल्या आणि त्यांनी तो त्यांत ठेवला. झाले १२. मोठीला ६, मधल्याला ३, धाकटीला २. सगळे मिळून ११. काकू आपला नंदी उचलून घरी गेल्या. हे झालं कसं?"

इथे घाई करू नका, मुलांना भांडू द्या. कोणीतरी म्हणेलच, की अकराचे अर्धे साडेपाच होतात, मोठीला ६ का मिळाले? हा प्रश्न आला की पाठ पूर्ण झाला असं समजा. १/२, १/४ आणि १/६ यांची बेरीज ११/१२ होते. आजोबांनी पूर्ण वाटणी लिहिलीच नव्हती, बारावा हिस्सा कोणाच्याच नावावर नव्हता. तो तिघांत त्याच प्रमाणात वाटला गेला, म्हणून प्रत्येकाला हक्काहून थोडं जास्त मिळालं. काकूंचा नंदी म्हणजे समच्छेद दाखवायला आलेला बारावा. तो आल्यावर ६, ३ आणि २ हे भाग दिसू लागले.

रचणाऱ्यासाठी यात खरी मेजवानी आहे. तीन वेगवेगळे छेद घ्यायचे, प्रत्येक अपूर्णांकाचा अंश १, आणि बाहेरून एकच नंदी आणून काम भागायला हवं. असे संच फक्त सात आहेत. २, ४, ८ घेतले तर नंदी ७. २, ४, ६ घेतले तर ११, आणि २, ३, १२ घेतले तरी ११. २, ३, ९ वर १७, हीच ती उंटांची गोष्ट. २, ४, ५ वर १९. २, ३, ८ वर २३. आणि २, ३, ७ वर ४१. आठवा संच नाही. २, ३, १० तपासून पाहा: १५, १० आणि ३ मिळून २८/३०, दोन कमी पडतात, एका काकूंनी भागत नाही. सातवी-आठवीच्या हुशार मुलांना "सातच का?" हा प्रश्न द्या. सुरुवात अशी करून द्या: सर्वांत लहान छेद ३ असेल तर १/३, १/४ आणि १/५ यांची बेरीज ४७/६०, पूर्ण १ व्हायला १३/६० कमी पडतात. बाहेरच्या नंदीचा वाटा फार तर १/५, म्हणजे १२/६०. तेव्हा २ हा छेद घ्यावाच लागतो. पुढचं ती करतील.

सगळ्यांत हट्टी चूक कोणती, तर १/२ + १/३ = २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. मुलं ही चूक हवेतून आणत नाहीत. आपणच त्यांना रोज शिकवतो. उत्तरपत्रिकेवर पहिल्या प्रश्नाला ७/१० लिहितो, दुसऱ्याला ८/१०, आणि खाली एकूण १५/२० लिहून सही करतो. मुलाने हे शेकडो वेळा पाहिलेलं असतं. गुणांच्या जागी ते बरोबरच आहे, कारण तिथे दोन वेगळे पूर्ण एकत्र येऊन मोठा पूर्ण होतो. एकाच पोळीच्या दोन हिश्शांत पूर्ण तोच राहतो. म्हणून या चुकीवर नियम सांगण्याऐवजी कोडं द्या: "ताईने अर्धी पोळी खाल्ली, दादाने त्याच पोळीचा तिसरा हिस्सा. एका मुलाने हिशेब केला, दोघांनी मिळून २/५ पोळी खाल्ली. त्याला एकच प्रश्न विचारून गप्प करा." पोरं थोड्या वेळात शोधतात: ताईने एकटीनेच अर्धी खाल्ली, आणि २/५ तर अर्ध्यापेक्षाही कमी. मिळवल्यावर कमी कसं झालं? मग गुणांचं उदाहरण शेजारी लिहा आणि फरक त्यांनाच सांगू द्या.

"मी कोण?" या जातीची कोडी तयार करायला सोपी वाटतात, पण त्यांत उत्तर एकच येतं का हे तपासावं लागतं. "मी २/३ चा सममूल्य आहे, माझा छेद अंशापेक्षा ५ ने मोठा, ओळखा मला." १०/१५, एकच उत्तर, ठीक. "आम्ही दोन भाऊ, दोघांचाही अंश १, मिळून ५/६ होतो." १/२ आणि १/३, इथेही एकच. पण तेच "मिळून ७/१२ होतो" असं केलं तर १/३ आणि १/४ हे उत्तर येतं आणि १/२ आणि १/१२ हेसुद्धा. कागदावर एकदा तपासलं नाही तर वर्गात दोन मुलं दोन बरोबर उत्तरं घेऊन उभी राहतात, आणि त्यातल्या एकाला उगाच चूक ठरवलं जातं. उपाय दोन. "आमचे छेद लागोपाठचे" अशी अट घाला, की १/३ आणि १/४ च उरतात. किंवा मुद्दाम "मला दोन उत्तरं आहेत, दोन्ही शोधा" असं विचारा. मला दुसरा उपाय जास्त आवडतो.

तुलनेच्या कोड्यांसाठी एक युक्ती लक्षात ठेवा. दोन अपूर्णांक इतके जवळचे हवेत की डोळ्यांनी सांगता येऊ नये. तिरका गुणाकार करून पाहा, दोन गुणाकारांत फक्त १ चा फरक असेल तर जोडी उत्तम. ३/७ आणि ५/१२ घ्या: ३ गुणिले १२ म्हणजे ३६, ७ गुणिले ५ म्हणजे ३५. संत्रा बर्फीच्या दोन सारख्या थाळ्या, एकीचे ७ समान तुकडे करून ३ खाल्ले, दुसरीचे १२ करून ५. जास्त कुठली गेली? ३६/८४ आणि ३५/८४. ५/८ आणि ८/१३ ही जोडीही तशीच आहे, ६५ आणि ६४.

पोळी मी वर बाजूला ठेवली, पण एका कामासाठी तीच लागते, उलट्या दिशेच्या कोड्यासाठी. "५ पुरणपोळ्या आणि ६ मुलं. सगळ्यांना सारखं द्यायचं, पण कोणत्याही पोळीचे सहा तुकडे करायचे नाहीत." तीन पोळ्या अर्ध्या करा, ६ अर्धे झाले. दोन पोळ्यांचे तीन-तीन तुकडे करा, ६ तृतीयांश झाले. प्रत्येकाला १/२ आणि १/३, म्हणजे ५/६. समच्छेद करून जे एकत्र केलं, ते इथे पुन्हा सुटं होतं. ७ पोळ्या आणि ८ मुलं असतील तर १/२, १/४ आणि १/८. प्राचीन इजिप्तमध्ये अपूर्णांक बहुतांशी असेच, अंश १ असलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेत लिहीत. इसवी सनापूर्वी १६५० च्या सुमाराच्या ऱ्हाइंड पपायरसमध्ये २/३ पासून २/१०१ पर्यंत विषम छेदांचं असं कोष्टकच आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना यात ओढायचं असेल तर जुन्या पैशांची कोडी द्या. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्याआधी रुपयाचे १६ आणे होते, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. म्हणजे रुपया १९२ पैचा. पाव, अर्धा, पाऊण तर आण्यांतच होतात. तिसरा हिस्सा आण्यांत होत नाही, पैत होतो: ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै. "रुपयाचे १०० पैसे असताना तीन भावांत रुपया सारखा वाटता येत नाही, आजोबांच्या लहानपणी मात्र येत होता. का?" १०० मध्ये ३ नाही, १९२ मध्ये आहे, उत्तर एवढंच. ज्या घरात पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेलं कोणी आहे, तिथून दुसऱ्या दिवशी मूल भरपूर काही घेऊन येतं. तासाच्या ६० मिनिटांचंही तेच: पाऊण तास आणि तिसरा हिस्सा तास मिळून ६५ मिनिटं. मुलं मिनिटांत सहज सांगतात. मग १३/१२ तास कसे झाले ते त्यांना उलगडू द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, कोडं उदाहरणासारखं वाटतं तो. अर्धं काम भाषा करते. "एक तृतीयांश", "एक अष्टमांश" हे शब्द वहीत ठेवा. कोड्यात तिसरा हिस्सा, पाव वाटा, निम्मे असं घरातलं बोला, आणि जमल्यास चार ओळींची चाल द्या. वरचा २४ चा सांगाडा मी असा घालतो:

काटोलहून आली घरी संत्र्यांची पेटी,
अर्धी गेली आत्याकडे, तिसरा हिस्सा भेटी.
आठवा हिस्सा पोट्ट्यांनी वाटेतच खाल्ला,
एकच उरलं माझ्या हाती, आकडा सांगा पहिला!

पद्यात जागा कमी असते, म्हणून "मूळ पेटीचा" की "उरलेल्यांचा" हे सांगणं राहून जातं. इथे ते राहिलं तरी चालतं, कारण दुसऱ्या अर्थाने सोडवून पाहिलं तर १/२ गुणिले २/३ गुणिले ७/८, म्हणजे ७/२४ उरतात, आणि ते एका संत्र्याएवढे असतील तर पेटीत साडेतीनही संत्री नसतात. चुकीचा अर्थ स्वतःच तुटतो. पद्यातलं कोडं वर्गात नेण्याआधी ही तपासणी कराच. दुसराही अर्थ पूर्ण संख्या देत असेल, शेळ्यांच्या १५ सारखा, तर पद्य सोडा आणि गद्यात नेमकं लिहा.

दोन आठवडे तुमची कोडी झाली की रचण्याचं काम मुलांकडे द्या. प्रत्येकाने दोन छेद निवडायचे, कोडं लिहायचं आणि बाकावरच्या जोडीदाराला सोडवायला द्यायचं. अर्ध्या वर्गाच्या शेळ्यांचे तुकडे होतील, तेव्हा दुरुस्ती तुम्ही करू नका. जोडीदाराने फक्त एवढंच सांगावं, की उरलेला आकडा कितीच्या पटीत हवा होता. हे सांगता आलं की समच्छेद पक्का झाला, त्याची वेगळी चाचणी घ्यायला नको.

सुरुवातीला वापरायला काही तपासलेले सांगाडे देतो, गोष्टी तुम्ही घाला. १/३ आणि १/५: लसावि १५, उरतात ७. १/६ आणि १/८: लसावि २४, उरतात १७. २/५ आणि १/६: लसावि ३०, उरतात १३. १/४, १/६ आणि १/९: लसावि ३६, उरतात १७. दुसऱ्या आणि चौथ्या सांगाड्यात उरणारा आकडा सारखाच १७ आहे आणि मूळ संख्या वेगळ्या, २४ आणि ३६. ही दोन कोडी एकाच दिवशी द्या. जे मूल छेद न पाहता शेजाऱ्याचं उत्तर उतरवतं, ते इथे लगेच कळतं, आणि त्याच्याजवळ बसायला तुम्हाला वेळही मिळतो.